विकत घेतलेली वर्षे

ब्रिटनमध्ये काही वर्षे नोकरी करून पुण्या-नाशकात परतलेल्या, किंवा परतण्याच्या बेतात असलेल्या मराठी माणसांमध्ये एक सल्ला हमखास दिला जातो. नॅशनल इन्शुरन्स या तिथल्या सामाजिक विम्याची राहिलेली वर्षे वर्गणी देऊन भरून टाका, इतके स्वस्त पेन्शन दुसरीकडे कुठे मिळणार नाही. लगेच पुढे आकडेमोड येते: इतके पौंड भरा, इतक्या महिन्यांत वसूल, त्यानंतर जे मिळेल तो निव्वळ फायदा. पन्नाशीत नोकरी सोडून पेन्शनच्या वयाची वाट पाहणाऱ्या, ब्रिटनमध्येच राहणाऱ्या माणसालाही हेच ऐकवले जाते. आकडेमोड चुकीची नाही. मात्र तिच्यामागचा विचार उथळ आहे, आणि त्या उथळपणाची किंमत म्हातारपणी मोजावी लागते.

माझे म्हणणे असे आहे. स्वेच्छेने भरलेली ही वर्गणी गुंतवणुकीत बसत नाही आणि करातही बसत नाही. दीर्घ आयुष्याच्या धास्तीपायी विकत घेतलेले ते एक संरक्षण आहे. ते विकणारा पक्ष म्हणजे सरकार, आणि त्याच्या अटी बदलण्याची मुभा सरकारने स्वतःकडे राखून ठेवलेली आहे. वर्षे विकत घेणाऱ्याने या दोन्ही गोष्टी जाणून निर्णय घ्यावा. विकणाऱ्यानेही, पैसे ऐच्छिक म्हणून घेतले असतील तर, त्या ऐच्छिकपणाचा मान राखावा. ‘किती दिवसांत वसूल?’ हा प्रश्न यांपैकी कशालाच हात घालत नाही.

१. हिशेब खरा, पण अर्धा

आधी त्या हिशेबाला त्याचे श्रेय देऊ. ६ एप्रिल २०१६ पासून ब्रिटनमध्ये नवी राज्य पेन्शन पद्धत लागू झाली. पूर्ण पेन्शनसाठी नॅशनल इन्शुरन्सची ३५ पात्र वर्षे लागतात, आणि काही तरी पदरात पडण्यासाठी किमान १०. २०२५-२६ साली पूर्ण पेन्शन आठवड्याला २३०.२५ पौंड होते. याचा पस्तिसावा भाग म्हणजे एका वर्षाची किंमत: आठवड्याला सुमारे ६.५८ पौंड, वर्षाला सुमारे ३४२ पौंड, आणि तेही मरेपर्यंत. नोंदीत खंड पडला असेल तर ते वर्ष क्लास ३ ची ऐच्छिक वर्गणी भरून विकत घेता येते. त्याच वर्षीचा तिचा दर आठवड्याला १७.७५ पौंड, म्हणजे वर्षाला ९२३ पौंड होता. भरलेले पैसे पावणेतीन वर्षांच्या आत परत येतात. पेन्शन करपात्र आहे. वीस टक्के कर धरला तरी साडेतीन वर्षांच्या आत हिशेब चुकता होतो. महागाईप्रमाणे वाढणारे, आयुष्यभराचे असे उत्पन्न विमा कंपनीकडून घ्यायचे म्हटले तर कित्येक पट रक्कम मोजावी लागेल.

परदेशी गेलेल्यांपैकी अनेकांना क्लास २ चा आणखी स्वस्त मार्ग खुला होता. २०२५-२६ साली त्याचा दर आठवड्याला ३.५० पौंड, म्हणजे वर्षाला १८२ पौंड होता. वसुली साडेसहा महिन्यांत. ब्रिटनमध्ये तीन वर्षे सलग राहिलेला किंवा तीन वर्षांची वर्गणी भरलेला माणूस, ब्रिटन सोडण्याच्या लगेच आधी तिथे काम करत असल्यास आणि परदेशातही काम करत असल्यास, त्यासाठी अर्ज करू शकत असे. माहिती-तंत्रज्ञानाच्या प्रकल्पासाठी जाऊन परत आलेल्या कित्येकांनी तो केला.

इतका चांगला सौदा समोर आला की माणसाने थांबून एक गोष्ट विचारायला हवी: हा इतका स्वस्त का? बाजारभावाच्या कितीतरी खाली विकली जाणारी वस्तू कोणीतरी पदरमोड करून विकत असते. इथे ती पदरमोड आजचे आणि उद्याचे वर्गणीदार करतात. ती त्यांनी कुठवर करावी हे संसद ठरवते, आणि संसद आपले मत बदलू शकते. हिशेबाचा राहिलेला अर्धा भाग इथून सुरू होतो.

२. वसुलीचा प्रश्न उलट्या दिशेने विचारला जातो

‘किती वर्षांत वसूल?’ असे विचारणाऱ्याच्या मनात लवकर मरण्याची भीती असते. पैसे भरले आणि सदुसष्टाव्या वर्षी गेलो तर? तर नुकसान झाले, पण ते नऊशे पौंडांचे आणि ते सोसायला आपण नसणार. पेन्शन ज्या संकटासाठी असते ते याच्या बरोबर उलटे आहे: साठवलेले संपून जावे आणि आयुष्य उरावे. ब्याण्णवाव्या वर्षी, जोडीदार गेलेला, मुदत ठेवी मोडून झालेल्या, मुले स्वतःच साठीत पोचलेली, अशा वेळी दर महिन्याला न चुकता येणारी रक्कम ही चीज वेगळी असते. घराला आग लागली नाही म्हणून विम्याचा हप्ता बुडाला असे कोणी म्हणत नाही. मग लवकर मेलो तर पेन्शनची वर्गणी बुडाली, हे म्हणणे का पटते? कारण ती विकताना आपल्याला गुंतवणूक म्हणून दाखवली जाते.

या फरकाने निर्णय बदलतो. गुंतवणूक म्हणून पाहिले तर जितकी वर्षे मिळतील तितकी घ्यावीत असे वाटते. संरक्षण म्हणून पाहिले की आधी माझ्याकडे आजन्म उत्पन्नाचे दुसरे काय आहे ते मोजावे लागते. निवृत्त सरकारी डॉक्टरला त्याच्या सेवेचे पेन्शन आहे. त्याला ही वर्षे सोयीची आहेत, जीवनमरणाची नाहीत. छोटा धंदा करून साठीला पोचलेल्या, घर भाड्याचे असलेल्या एकट्या बाईसाठी प्रत्येक वर्ष मोलाचे आहे, आणि तिला ते खरोखर उपयोगी पडेल का याची शंकाही तिच्याच बाबतीत सर्वांत मोठी आहे. त्याकडे पुढे येतो.

आणखी एक परिणाम. नवे राज्य पेन्शन बहुतांशी वारसाला मिळत नाही. नवरा-बायकोपैकी एकाच्याच नावावर वर्षे भरत राहणे गुंतवणुकीच्या नजरेला चालून जाते, संरक्षणाच्या नजरेला नाही. आपल्या घरांत भरणा नवऱ्याच्या नावाचा होतो आणि मागे बहुधा बायको उरते. खंड आधी तिच्या नोंदीतले बुजवले पाहिजेत.

३. पैसा खात्यात जात नाही, वचनात जातो

भविष्य निर्वाह निधीची सवय असलेल्या आपल्या माणसाला वाटते की लंडनमध्ये कुठेतरी आपल्या नावाचे खाते असेल आणि त्यात हे पौंड साठत असतील. तसे खाते नाही. १९४२ च्या बेव्हरिज अहवालातून आणि १९४६ च्या कायद्यातून उभी राहिलेली, ५ जुलै १९४८ ला सुरू झालेली ही व्यवस्था आजच्या वर्गणीतून आजची पेन्शने देते. आपण भरलेले पैसे या वर्षीच्या वृद्धांना मिळतात. आपल्याला मिळते ती एक नोंद: अमुक साली हा माणूस पात्र ठरला. त्या नोंदीचे पुढे किती पौंड होतील हे त्या वेळची संसद ठरवते.

हे काही तात्त्विक भय नव्हे, इतिहास तसाच आहे. २०१० पूर्वी पूर्ण मूळ पेन्शनसाठी पुरुषाला साधारण ४४ आणि स्त्रीला ३९ वर्षे लागत. एप्रिल २०१० पासून ३० पुरू लागली. २०१६ मध्ये ती ३५ झाली. चव्वेचाळीसचा आकडा गाठण्यासाठी ज्यांनी आधी पदरचे पैसे घालून वर्षे घेतली, त्यांच्यातल्या अनेकांची वर्षे तिसानंतर निरुपयोगी ठरली. स्त्रियांचे पेन्शनचे वय १९९५ च्या कायद्याने ६० वरून ६५ वर न्यायचे ठरले, २०११ च्या कायद्याने तो वेग वाढवला. १९५० च्या दशकात जन्मलेल्या स्त्रियांना या बदलाची नीट सूचना मिळाली नाही म्हणून संसदीय लोकपालांनी २०२४ मध्ये भरपाईची शिफारस केली. सरकारने त्याच वर्षी डिसेंबरात ती नाकारली. आता एप्रिल २०२६ ते मार्च २०२८ या काळात वय ६६ वरून ६७ वर जाते आहे, आणि विकत घेतलेले प्रत्येक वर्ष त्या हिशेबाने उशिरा फळते.

ऐच्छिक वर्गणीचे दारही असेच उघडते-मिटते. २००६ पासूनचे खंड भरण्याची खास सवलत दोनदा लांबवून अखेर ५ एप्रिल २०२५ ला संपली. आता साधारणपणे मागची सहाच वर्षे भरता येतात. नोव्हेंबर २०२५ च्या अर्थसंकल्पात, परदेशातून क्लास २ भरण्याची सोय ६ एप्रिल २०२६ पासून बंद करण्याचे आणि परदेशातून ऐच्छिक वर्गणी भरण्यासाठी तीनऐवजी दहा वर्षांच्या वास्तव्याची किंवा वर्गणीची अट घालण्याचे जाहीर झाले. तीन वर्षांच्या नोकरीवर पस्तीस वर्षांचे पेन्शन उभारण्याचा बेत करणाऱ्यांचा रस्ता तिथेच थांबला. या बदलाविरुद्ध मी गळा काढणार नाही. तीन वर्षे राहून उरलेली वर्षे १८२ पौंडांना विकत घेणे हे इतर वर्गणीदारांवर ओझे होते. पण यातून शिकायचे ते शिकावे: आज दाखवलेली किंमत हा आजचा भाव आहे, तो कुणालाही लिहून दिलेला करार नाही.

४. कार्सन खटला, आणि त्यात सुटलेला धागा

आता भारतात परतणाऱ्यांच्या दृष्टीने सर्वांत जड मुद्दा. ब्रिटनमध्ये राहणाऱ्याचे पेन्शन दरवर्षी वाढते. महागाई, वेतनवाढ किंवा अडीच टक्के, यांपैकी जे जास्त त्याप्रमाणे. भारतात राहणाऱ्याचे पेन्शन मात्र पहिल्या दिवशी जे ठरते तिथेच गोठते. पाकिस्तान, बांगलादेश, ऑस्ट्रेलिया, कॅनडा, न्यूझीलंड, दक्षिण आफ्रिका यांचेही तेच. अमेरिका, फिलिपिन्स, तुर्कस्तान, जमैका, मॉरिशस आणि युरोपीय देशांत राहणाऱ्यांना वाढ मिळते, कारण त्या देशांशी तसे करार आहेत किंवा होते. गोठलेल्या पेन्शनवर जगणारे लोक साडेचार लाखांच्या आसपास आहेत.

अ‍ॅनेट कार्सन या ब्रिटनमध्ये आयुष्याचा मोठा भाग काम करून, पूर्ण वर्गणी भरून १९८९ मध्ये दक्षिण आफ्रिकेत गेल्या. त्यानंतर १९९९ पर्यंत त्यांनी ऐच्छिक वर्गणी भरली. २००० साली त्यांना आठवड्याला ६७.५० पौंडांचे मूळ पेन्शन मिळू लागले आणि तिथेच थांबले. ब्रिटनमध्ये तेच पेन्शन २००९-१० साली ९५.२५ पौंड होते आणि २०२५-२६ साली १७६.४५. कार्सन न्यायालयात गेल्या. २००५ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्समध्ये हरल्या. स्ट्रासबर्गच्या मानवी हक्क न्यायालयाच्या मोठ्या पीठाने १६ मार्च २०१० रोजी अकरा विरुद्ध सहा मतांनी सरकारच्या बाजूने निकाल दिला. बहुमताचा युक्तिवाद थोडक्यात असा: नॅशनल इन्शुरन्सची वर्गणी आणि पेन्शन यांचा एकास एक संबंध नाही. ती वर्गणी इतर अनेक लाभांसाठीही खर्च होते. शिवाय ही व्यवस्था मुळात देशात राहणाऱ्यांच्या गरजांसाठी आहे. म्हणून परदेशी राहणारा आणि देशात राहणारा यांची तुलनाच होऊ शकत नाही.

पगारातून सक्तीने कापल्या जाणाऱ्या वर्गणीबद्दल हा युक्तिवाद मला समजतो. ती कराच्या जवळ जाते, आणि कर भरणारा प्रत्येक रुपयाच्या बदल्यात काय मिळाले हे विचारू शकत नाही. पण ऐच्छिक वर्गणीला हे तर्कशास्त्र लावले की ते मोडते. स्वेच्छेने कोणी कर भरत नाही. क्लास ३ भरणारा माणूस एका ठरावीक वस्तूसाठी पैसे मोजतो, आणि ती वस्तू जवळजवळ केवळ राज्य पेन्शन हीच आहे. सरकारच त्याला वर्षाचा भाव सांगते, भरल्यावर पेन्शन किती वाढेल याचा अंदाज देते. ही विक्रीची भाषा आहे. पैसे घेताना विमा आणि देताना कर, अशा दोन जिभा एकाच खिडकीवर चालू नयेत.

अन्याय नेमका कुठे आहे ते पाहा. मँचेस्टरमधला आणि नागपुरातला माणूस क्लास ३ साठी आठवड्याला तेवढेच पौंड मोजतो. एकाला वाढणारे पेन्शन मिळते, दुसऱ्याला गोठलेले. भाव एकच, माल दोन प्रतींचा. पेन्शन गोठवायचेच असेल तर तिथून घेतलेल्या वर्षांचा भाव कमी हवा. भाव तोच घ्यायचा असेल तर निदान विकत घेतलेल्या वर्षांपुरती तरी वाढ हवी. क्लास २ बंद झाल्यावर ही विसंगती अधिकच उघडी पडली आहे, कारण आता परदेशी राहणाऱ्यासाठी उरलेला मार्ग पूर्ण भावाचाच आहे.

५. दार कोणाला उघडते

ऐच्छिक वर्गणी ‘सर्वांना खुली’ आहे असे म्हणतात. कागदावर ती तशी आहे. पण नोंदीत खंड कोणाच्या पडतात? मुले वाढवणाऱ्यांच्या, आजाऱ्यांची सेवा करणाऱ्यांच्या, अर्धवेळ आणि तुटपुंज्या पगारावर काम करणाऱ्यांच्या. म्हणजे बहुतांशी स्त्रियांच्या. आणि खंड भरायला हजार-हजार पौंड हाताशी कोणाच्या असतात? नेमके ज्यांच्या नोंदीत खंड कमी असतात त्यांच्या.

यावर उपाय म्हणून वर्गणी न भरता नोंद मिळण्याच्या सवलती आहेत. बारा वर्षांखालील मुलासाठी चाइल्ड बेनिफिट हा सरकारी भत्ता घेणाऱ्या पालकाला नोंद मिळते. आठवड्याला वीस तास कोणाची शुश्रूषा करणाऱ्याला मिळू शकते. २०११ पासून नातवंडे सांभाळणाऱ्या, पेन्शनच्या वयाखालील आजी-आजोबांनाही मिळू शकते. पण या सवलती माहीत असाव्या लागतात आणि मागाव्या लागतात. २०१३ मध्ये जास्त उत्पन्नाच्या घरांवर चाइल्ड बेनिफिटच्या बदल्यात कर बसू लागला, तेव्हा अनेक घरांनी अर्जच केला नाही. पैसे वाचले असे त्यांना वाटले, आणि घरी बसलेल्या आईची वर्षे बुडाली. आपल्याकडून नवऱ्याच्या व्हिसावर गेलेल्या बायकांची स्थिती याहून बिकट आहे. सरकारी निधीचा लाभ घेण्यास बंदी असलेल्या व्हिसावर चाइल्ड बेनिफिट मागताच येत नाही, त्यामुळे त्या वाटेने मिळणारी नोंदही नाही. शिकलेली, मायदेशी नोकरी सोडून गेलेली बाई मुलांना वाढवते आणि तिच्या नोंदीत त्या वर्षांपुढे शून्य राहते.

सर्वांत गरिबाचे काय? ब्रिटनमध्ये एकट्या वृद्धाचे उत्पन्न २०२५-२६ साली आठवड्याला २२७.१० पौंडांहून कमी असेल तर पेन्शन क्रेडिटने ते तिथवर आणले जाते. ज्याला दुसरे उत्पन्न नाही त्याने कष्टाने वाचवून पाच वर्षे विकत घेतली, तर पेन्शन आठवड्याला सुमारे ३३ पौंडांनी वाढते आणि पेन्शन क्रेडिट जवळपास तितकेच घटते. हातात काही उरत नाही. स्वस्त सौद्याचा सल्ला ज्याला सर्वांत मोलाचा वाटतो त्याच्यासाठी तो निव्वळ तोटा ठरू शकतो, आणि भरलेले पैसे सहसा परत मिळत नाहीत.

६. काही आक्षेप

‘प्रत्येक सरकारी वचन बदलू शकते, मग याचेच काय?’ खरे आहे, म्हणूनच या वर्षांवर सगळे म्हातारपण टेकवू नये. पण बदल आणि बदल यांत फरक असतो. सर्वांचे वय एक वर्षाने वाढवणे हा ओझे वाटून घेण्याचा निर्णय आहे. पूर्ण भाव घेऊन काहींनाच कमी देणे हा वेगळा प्रकार आहे.

‘भारतात खर्च कमी, मग वाढ कशाला?’ खर्चाचा निकष असता तर फिलिपिन्समध्ये वाढ मिळाली नसती आणि कॅनडात गोठले नसते. नायगाराच्या अमेरिकेकडच्या काठावर पेन्शन वाढते, कॅनडाकडच्या काठावर गोठते. यादी करारांवर ठरते, गरजेवर नाही. पौंड वधारला तर रुपयांत थोडी भरपाई होते हे मान्य, पण ते विनिमय दराचे दान आहे, त्याला हक्क म्हणता येत नाही.

‘इतके दोष असतील तर भरूच नये का?’ बहुतेकांनी भरावे. गोठलेल्या पेन्शनच्या हिशेबानेही क्लास ३ चे वर्ष तीन वर्षांच्या आत वसूल होते, आणि सत्तरी ओलांडलेल्याला त्यानंतरचा प्रत्येक महिना संरक्षण देतो. माझा विरोध भरण्याला नाही, आंधळेपणाने भरण्याला आहे.

७. भरण्यापूर्वी, आणि भरल्यानंतर

क्रम असा असावा. पहिल्यांदा सरकारी संकेतस्थळावर आपला पेन्शनचा अंदाज आणि नोंद पाहावी. कंपनीच्या योजनेमुळे २०१६ पूर्वी कमी दराची वर्गणी भरलेल्यांना त्या काळची वर्षे घेऊन काहीच वाढ न मिळण्याची शक्यता असते. कोणते वर्ष खरोखर मोजले जाईल हे विचारल्याखेरीज पैसे पाठवू नयेत. मग फुकट मिळू शकणाऱ्या नोंदी मागाव्यात, विशेषतः घरातल्या स्त्रीच्या. भरायची वेळ आली की आधी किमान दहाचा उंबरठा, मग जोडीदारांपैकी ज्याची नोंद विरळ त्याचे खंड. भारतात राहायचे पक्के असेल तर हे उत्पन्न दरवर्षी थोडे झिजणार असे धरून बाकीची तजवीज करावी.

आणि जे आज ब्रिटनमध्ये आहेत त्यांना एक विनंती. तिथे कायदेशीर राहणाऱ्या भारतीय नागरिकाला, राष्ट्रकुलाचा नागरिक म्हणून, ब्रिटिश संसदेच्या निवडणुकीत मत देता येते. भारतात परतल्यावर हे मत जाते. ब्रिटिश नागरिकत्व घेतलेल्यांना मात्र जानेवारी २०२४ पासून परदेशातूनही आयुष्यभर मत देता येते. तेव्हा मत हातात आहे तोवर आपल्या मतदारसंघाच्या खासदाराला लिहा आणि एकच गोष्ट विचारा: ऐच्छिक वर्गणीचा भाव मँचेस्टरला आणि नागपूरला सारखा, मग पेन्शनची वाढ सारखी का नाही?